पाच पौंडांचा कारकून

ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडातील कोवळी मुले हिंदुस्थानात का धाडली आणि ती मुले का आली, हे दोन प्रश्न वरवर एकच वाटतात. वस्तुतः त्यांची उत्तरे निराळी आहेत.

कंपनीची अडचण अंतराची होती. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या गलबताला सहा-सहा महिने लागत. लंडनला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत येईतो वर्ष उलटून जाई. विणकरांना आगाऊ रकमा देणे, माल पारखणे, गलबत लागण्यापूर्वी वखार भरून ठेवणे, ही कामे जागेवरच्या माणसानेच करावयाची. तो विश्वासू असावा म्हणून कंपनी त्याच्याकडून करारनामा व जामीन घेई. परंतु त्या विश्वासाचे मोल देताना तिचा हात आखडे. १७४४ साली मद्रासेस उतरलेल्या अठरा वर्षांच्या रॉबर्ट क्लाईव्हचा वार्षिक पगार अवघा ५ पौंड होता.

मग तो आला कशाला? पगारासाठी खचित नव्हे. युरोपशी चालणारा व्यापार स्वतःकडे राखून, आशियातील बंदराबंदरांतला व्यापार कंपनीने नोकरांस खाजगी रीतीने करू दिला होता. वडिलार्जित जमीन थोरल्या भावाकडे जाणार, अशा घरातील धाकट्यास ही वाट मोलाची वाटे. पणाला मात्र प्राण लागत. कलकत्त्यास १७६७ साली सुरू झालेल्या पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत तो पण हरलेले कितीतरी तरुण विसावले आहेत.

पण कंपनीने वाचविलेला पगार अखेर कोणी भरला? १७५७ च्या प्लासीनंतर मीर जाफरकडून एकट्या क्लाईव्हला सुमारे २,३४,००० पौंड मिळाले. ते बंगालचे धन होते. १७८६ साली आलेल्या कॉर्नवॉलिसने महसुली अधिकाऱ्यांचा खाजगी व्यापार बंद करून कलेक्टरला दरमहा १५०० रुपये दिले. १८११ साली पुण्याच्या दरबारी रेसिडेंट झालेला एल्फिन्स्टन या पगारी पिढीतला. मात्र त्याच कॉर्नवॉलिसने वरच्या जागा एतद्देशीयांना बंद केल्या. लूट आटोक्यात आली, तरी भुर्दंड ज्यांचा देश त्यांच्याच माथी राहिला.

बदलीचा हुकूम हाती पडला की आपण प्रथम भत्त्याचा आकडा पाहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु धाडणाऱ्याने जे दिले नाही, ते जाणारा कोठून भरून काढणार, हा प्रश्न ज्या गावी आपण जातो त्या गावाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असतो.