रात्री समोरचं नीट दिसेना? गाडीला नवा बल्ब घेण्याआधी हे तपासा

ऊसतोड सुरू झाली की रात्री रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. त्याच रस्त्याने रात्रीच्या पाळीची लाईट आली म्हणून कुणी मोटर चालू करायला निघतो, तर कुणी पहाटे डेअरीला दूध घालायला. सगळा भरवसा गाडीच्या एका बल्बवर.

ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर ट्रॉली दिसून ब्रेक लागेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. पुढे कोरड्या डांबरावर, ब्रेक चांगले असले तरी, थांबायला आणखी २०-२५ मीटर लागतात. म्हणजे ४० मीटरवरचं दिसत नसेल तर ६० चा वेग जास्तच झाला. ओल्या रस्त्यावर त्याहून कमी ठेवावा लागतो.

उजेड कमी पडतो म्हटलं की दुकानदार पांढऱ्याशुभ्र एलईडीचा बल्ब पुढे करतो. तो बसवण्याआधी मूळ बल्ब कोणता आहे ते पाहावं. स्प्लेंडरसारख्या बहुतेक रोजच्या गाड्यांना एचएस-१ प्रकारचा ३५/३५ वॅटचा हॅलोजन असतो. बुलेटसारख्या जड गाड्यांना एच-४ प्रकारचा ६०/५५ वॅटचा. दोन्ही दिसायला जवळपास सारखे, म्हणून मेकॅनिक कधी कधी छोट्या गाडीत मोठा बल्ब बसवून देतो. पण ३५ वॅटला साधारण ३ अँपिअर करंट लागतो, ६० वॅटला ५. छोट्या गाडीची वायरिंग आणि स्विच तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी जाते, आणि थोड्या दिवसांत उजेड पहिल्यापेक्षा कमी. १००/९० वॅटच्या बल्बच्या तर नादीच लागू नये.

एलईडीची अडचण वेगळी आहे. हॅलोजनच्या हेडलाईटचा रिफ्लेक्टर त्या बारीक तारेच्या जागेप्रमाणे घडवलेला असतो. डिपरच्या तारेखाली छोटी वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. स्वस्तातल्या एलईडीत उजेडाची जागा थोडी जरी हलली तरी झोत विस्कटतो. चालवणाऱ्याला चाकापुढचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून तो खूश, पण लांबचं दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. डोळे दिपलेला माणूस दुसरीकडे नाही, आपल्याच अंगावर येतो. कारखान्यातूनच एलईडी बसून आलेल्या गाडीचं तसं नाही. तिचा पूर्ण दिवाच त्यासाठी बनवलेला असतो.

जुन्या गाड्यांत आणखी एक भानगड. रेस दिली की उजेड वाढतो आणि गाडी हळू झाली की मंदावतो, असं होत असेल तर हेडलाईट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या एसी करंटवर चालतो. अशा गाडीत साधा डीसी एलईडी लुकलुकतो किंवा लवकर जातो. निळसर काचेच्या हॅलोजनचंही फार कौतुक नको. निळा रंग काही उजेड अडवतो, आणि धुक्यात, धुळीत पांढरा-निळा झोत उलटा डोळ्यांवर येतो.

खरं तर पुष्कळदा बल्ब बदलायची गरजच नसते. बल्बपर्यंत व्होल्टेज १० टक्के कमी पोचलं तर हॅलोजनचा उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. गंजलेली अर्थिंग, सैल कनेक्टर, झिजलेला स्विच ही त्याची नेहमीची कारणं. मेकॅनिककडून मीटर लावून घेतलं की दहा मिनिटांत कळतं. पिवळी पडलेली काच पॉलिशने काही काळ सुधारते. आतला रिफ्लेक्टर मात्र फडक्याने घासू नये, चंदेरी थर निघून येतो. तो काळवंडला असेल तर पूर्ण हेडलाईटच बदलावा.

मग झोत तपासावा. सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी स्टँडवरून काढून सरळ उभी धरावी, वर माणूस बसवावा. हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने खूण करावी. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेपेक्षा ५ ते १० सेंटिमीटर खाली हवी. मागे दुधाचे कॅन किंवा खताची गोणी असली की मागचं दबतं आणि दिवा आभाळाकडे पाहतो. रोज ओझं नेणाऱ्याने ओझ्यासकटच तपासावं.

१ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो, त्यामुळे बल्ब दिवसाही झिजतो. काच आतून काळी पडली असेल तर तो जळण्याची वाट पाहू नये. नवा घेताना खोक्यावर वॅट आणि प्रकार वाचावा. गोलातलं इंग्रजी ई अक्षर व आकडा असेल तर बल्ब प्रमाणित असतो. बसवताना काचेला बोट लावू नये. बोटाचं तेल तापून तिथेच काच फुटू शकते. लागलंच तर स्पिरिटने पुसून घ्यावं.

कंपनीने दिलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे. डोळे दिपवणाऱ्या दिव्याबद्दल दंडही होऊ शकतो.

समोरून कुणी अप्पर टाकून आलं तर त्याच्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी आणि वेग कमी करावा. आपणही अप्पर टाकून उत्तर देऊ नये, मग दोघंही आंधळे.

सीटखाली एक जादा बल्ब कापडात गुंडाळून ठेवला तर रात्री आडरानात अडचण होत नाही. नसेल तर अप्पर-डिपरचं बटण फिरवून पाहावं. दोन तारा सहसा एकदम जात नाहीत, उरलेल्या एकीवर सावकाश घर गाठता येतं.