पूल ओलांडा, डावीकडे वळा

सन १९३६, ऑगस्टचा पहिला पंधरवडा. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून सुटलेली गाडी झिअँला थांबते आणि तुम्ही फलाटावर उतरता. सामानाच्या डब्यातून हमाल एकेक सायकल खाली देतोय. तुमच्या सायकलच्या हँडलला सुतळीने चिठ्ठी बांधली आहे आणि दांडीवर पत्र्याचा छोटा बिल्ला आहे. हा सायकलवरचा वार्षिक कर भरल्याचा पुरावा. पुण्यात नगरपालिकेचा सायकल-बिल्ला मिरवलेल्या पिढीला याची ओळख करून द्यायला नको.

गाडीतून उतरलेल्या निम्म्या लोकांचे चेहरे जरा गोंधळलेले आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच ते सुट्टीवर निघालेत, आणि तीही पगारी. मे-जूनमध्ये कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले, तिथेच रात्री काढल्या, अकॉर्डियनवर नाचले. लेओं ब्लूमच्या सरकारने २० जूनला कायदा केला: वर्षाला पंधरा दिवस रजा, त्यातले बारा कामाचे, पगार न कापता. मग खेळ आणि विरंगुळ्याचं खातं सांभाळणाऱ्या लेओ लाग्राँज या तरुण मंत्र्याने रेल्वे कंपन्यांकडून चाळीस टक्के सवलतीचं तिकीट मिळवलं. या पहिल्याच वर्षी सुमारे सहा लाख लोक ते तिकीट घेणार आहेत. अर्थात बहुसंख्य कामगार घरीच राहतील, किंवा गावाकडे मामाच्या शेतावर कापणीला जातील. रजा मिळाली तरी हॉटेलचे पैसे कुठून आणायचे? सायकलला मात्र तिकीट लागत नाही.

तुमच्या शेजारी एक जोडपं टँडेम सायकलवर बोचकी बांधतंय. तो बियांकूरच्या मोटार कारखान्यात लेथवर असतो, ती शिवणकाम करते. तिने अर्धी विजार घातली आहे. फलाटावरच्या दोन म्हाताऱ्या तिच्या गुडघ्यांकडे पाहून एकमेकींच्या कानाला लागतात. तिला काही फरक पडत नाही.

‘‘तुम्ही कुठे निघालात?’’ ती विचारते.

तुम्ही साँसेर म्हणता. त्यांनाही तिकडेच जायचंय. तो नकाशा उघडतो. पिवळ्या वेष्टनाचा मिशलँचा, एक सेंटिमीटरला दोन किलोमीटर. लुआर नदीच्या उजव्या काठाने ब्रियारवरून जाणारा जाड लाल रस्ता म्हणजे नॅशनल ७, पॅरिसहून थेट दक्षिणेच्या समुद्राकडे. तो त्यावर बोट आडवं ठेवून मान हलवतो. मग डाव्या काठावरचे बारीक पांढरे रस्ते दाखवतो. चढ असेल तिथे छोटे बाण छापलेत. जास्त बाण म्हणजे जास्त दम. तुमच्या खिशातला फोन इथे निव्वळ काचेचा तुकडा आहे. तो बाहेर काढू नका.

झिअँचा दगडी पूल ओलांडताना मागे वळून बघा. टेकडीवर पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला विटांचा राजवाडा, आणि तिथून नदीपर्यंत उतरत आलेली दाटीवाटीची जुनी घरं. ही घरं नीट पाहून घ्या. जून १९४० मध्ये बाँब पडतील आणि हा भाग जळून जाईल. राजवाडा वाचेल. याच पुलावरून निर्वासितांचे लोंढे दक्षिणेकडे सरकतील, आणि त्यांतही पुष्कळ सायकली असतील. टँडेमवरची ती पुलाच्या मधोमध थांबवायला लावते, नदीतल्या वाळूच्या बेटांवरचे पक्षी दाखवते. तिला काय सांगणार? काही सांगू नका. पूल ओलांडा, डावीकडे वळा.

आणि मग एकदम आवाज थांबतो.

शेतं, कुंपणाची झुडपं, ओळीने लावलेले पॉप्लर. रस्ता चुनखडीचा, पांढरट. कुठे डांबर पडलंय, कुठे नाही. चाकाखाली बारीक खडी कुरकुरते. पाऊण तासात तुम्हाला भेटतात दोन बैलगाड्या, एक दुधाचे कॅन नेणारी घोडागाडी आणि खोकत जाणारी एक मोटार. तिची धूळ खाली बसायला वेळ लागतो, तेवढं नाक दाबून थांबावं लागतं. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांचे माथे पिवळे. लाल माथ्याचे दगड पलीकडे, नॅशनल ७ वर.

सँ-ब्रिसोंच्या पुढे एक म्हातारा वाटेत खड्डा बुजवतोय. हा इथला मैलकुली. ठरावीक टापू याच्याकडे: चर मोकळे ठेवायचे, साइडपट्टीचं गवत लांब दांड्याच्या कोयत्याने कापायचं, खडी पसरायची. खड्ड्याच्या कडा तो आधी कुदळीने सरळ कापून घेतो. तुम्हाला वाटतं, खड्डा वाढवतोय की काय. पण गोलसर, उतरत्या कडा तशाच ठेवल्या तर घातलेली खडी चाकाबरोबर निसटते. उभ्या कडेत ती अडून बसते. मग खडी, त्यावर भुसभुशीत माती, त्यावर झारीने पाणी, आणि वरून धुमसाने ठोकणं. ठोकून झाल्यावर तो स्वतः त्यावर उभा राहतो, टाचेवर गिरकी घेतो. खडी हलत नाही.

‘‘रस्ता छान ठेवलाय तुम्ही,’’ टँडेमवाला म्हणतो.

‘‘मी एकट्याने नाही,’’ म्हातारा म्हणतो. ‘‘माझा बाप वर्षातले तीन दिवस इथे राबायचा. गावातला प्रत्येक धडधाकट गडी राबायचा. नाहीतर पैसे भरा.’’

तो म्हणतोय ते २१ मे १८३६ च्या कायद्याबद्दल. त्या कायद्याने गावोगावच्या रस्त्यांची जबाबदारी गावांवर टाकली आणि अठरा ते साठ वयाच्या पुरुषांकडून, त्यांच्या बैलगाड्यांकडून वर्षाला तीन दिवसांपर्यंत काम घेण्याची मुभा दिली. सरळ सांगायचं तर वेठ. लोक कुरकुर करत आले, कमीत कमी दगड फोडून घरी गेले, पण रस्ते झाले. राजाने बांधलेले जुने मोठे रस्ते पॅरिसकडे धावत. हे रस्ते एका गावाच्या चर्चपासून दुसऱ्या गावाच्या बाजारापर्यंतच जातात, शेताचा कोपरा आला की वळतात, गिरणी आली की थांबतात. लांब पल्ल्याच्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. फ्रान्सच्या या आडरस्त्यांची शांतता निसर्गाने दिलेली नाही. ती या निरुपयोगीपणाची आहे, आणि कुणीतरी दरवर्षी खड्डे बुजवतं म्हणून टिकली आहे. ऐंशी-नव्वद वर्षांनी सायकलवाले याच जाळ्याची तारीफ करतील, तेव्हा ‘निसर्गरम्य’ हा शब्द वापरतील आणि मैलकुलीला विसरतील.

सँ-फिर्मँला कालव्याचा पूल. इथे घाई करू नका. लुआरवरून लोखंडी कुंड नेलंय, ६६२ मीटर लांब, आणि त्यात पाणी. नदीच्या डोक्यावरून कालवा जातो. १८९६ साली तो खुला झाला. खालचे दगडी खांब आयफेलच्या कंपनीने उभारले. दोन्ही अंगांना पायवाट, दिव्यांचे खांब. एक लांबुळकी, अरुंद होडी येते आहे, बेरीच्या कालव्यावरची. पुढे काठावरून दोर ओढत चाललेलं गाढव, मागे सुकाणूवर बाई, आणि होडीच्या मधोमध त्या गाढवाचा गोठा. रात्री ते तिथेच झोपतं. टँडेमवाली गाढवाला पावाचा तुकडा देते. होडीवरची बाई रागावते: कामाच्या वेळी लाड नकोत.

दुपारी एका कॅफेत पाव, सॉसेज, पुदिन्याचं सरबत. समोर चौकात पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचं स्मारक. गाव केवढंसं, नावांची यादी केवढी. एकच आडनाव चार वेळा.

नंतर बोलणं गिअरवर येतं, सायकलवाल्यांचं नेहमीच येतं. टँडेमला सँत-एतियेनचा, चालत्या सायकलचा गिअर बदलणारा ‘सिक्लो’ डिरेलर आहे. परवाच, २ ऑगस्टला, बेल्जियमच्या सिल्व्हेर माएसने टूर द फ्रान्स जिंकली, पण त्याला चढ आला की उतरून मागचं चाक उलटं बसवावं लागायचं. टूरचे जनक आँरी देग्राँज यांच्या मते डिरेलर म्हणजे म्हाताऱ्यांची सोय. टूरमध्ये त्याला मुभा मिळेल ती पुढच्या वर्षी. याउलट सँत-एतियेनचे पॉल द व्हिव्ही, म्हणजेच ‘व्हेलोसिओ’, पन्नाशीनंतरही गिअरवर प्रयोग करत डोंगर चढत राहिले. त्यांचे नियम इथे सगळ्यांना पाठ: भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, मिरवण्यासाठी पेडल मारू नका. १९३० साली ते गेले, तेही पायी चालताना ट्रामची धडक बसून.

बेलव्हिलपाशी सवयीने तुमची नजर आभाळात अणुभट्टीचे दोन थोराड मनोरे शोधते. ते यायला अजून निम्मं शतक आहे. इथे फक्त बगळे आणि गवताच्या गंजी.

साँसेरचा चढ मात्र तेव्हाही तसाच. नकाशावरचे बाण खोटं बोलत नाहीत. द्राक्षमळ्यांमधून रस्ता वळत वर जातो, तुम्ही पेडलवर उभे राहता, आणि टँडेम आपल्या बारीक गिअरवर टकटक करत तुमच्या पुढे निघून जाते. मागच्या सीटवरून ती हात हलवते, अर्थातच मिरवण्यासाठी.

वर चौकात खानावळीची मालकीण शाविन्योलचं बकरीच्या दुधाचं चीज मांडते, साध्या काचेच्या सुरईतून पांढरी वाइन ओतते. येत्या १४ नोव्हेंबरला या वाइनला सरकारी नामांकन मिळेल आणि मग भाव चढतील. आज ती स्वस्त आहे, म्हणून दुसरी सुरई मागवा. बिल आलं की खिशात हात घालाल, तेव्हा हाताला लागेल वीस युरोची नोट. मालकीण ती उजेडात धरून बघते, उलटी करून बघते, आणि तुमच्याकडे बघते.

‘‘राहू द्या हो,’’ टँडेमवाला पाकीट काढतो. ‘‘आज माझा पगार चालू आहे.’’