चोरदिंडी आणि अर्धा सेकंद

मंडळी, किल्ल्याला महादरवाजा असतो तशी कधी कधी एक चोरदिंडीही असते. ती बांधतो किल्ल्याचाच मालक, अडीअडचणीला बाहेर पडता यावे म्हणून. संगणकाच्या जगात मात्र २०२४ साली एका उपऱ्याने आत राहून, मालकाच्या नकळत अशी दिंडी बांधली. शाळेत वर्षानुवर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला ही हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. संगणकवाल्या भाचेमंडळींनी माझे ढोबळ शब्द चालवून घ्यावेत.

हल्ली कुठलाही प्रोग्रॅम कुणी मुळापासून लिहीत नाही. इतरांनी लिहून फुकट ठेवलेले तुकडे आणून जोडतात आणि त्या तुकड्यांना आणखी तिसऱ्याचेच तुकडे लागतात. आमटीत आपण तयार मसाला घालतो, पण त्यातले दगडफूल कुठून आले हे कुठे विचारतो? तसेच हे.

यातला धोका जाणत्यांनी फार पूर्वी सांगून ठेवला आहे. युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्प्सन, यांचे ट्युरिंग पुरस्काराचे भाषण १९८४ साली छापून आले. तुम्ही मूळ मजकूर कितीही तपासा. तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलरच फितूर असेल तर तुमची तपासणी फुकट, असे त्यांनी दाखवून दिले.

पुढे २०१८ साली ‘इव्हेंट-स्ट्रीम’ नावाचा तुकडा त्याच्या थकलेल्या मालकाने मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या हवाली केला. त्याने त्यात आणखी एक छोटा तुकडा जोडला. बिटकॉइन चोरण्याचा त्यातला मजकूर कुलूपबंद होता आणि ठेवला होता चाचणीच्या फायलींमध्ये.

२०२४ ची गोष्ट याच वाटेने गेली. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारे साधन फिनलंडचे लासे कॉलिन कित्येक वर्षे बिनपगारी सांभाळत होते. २०२१ पासून ‘जिया टॅन’ नावाचे कुणी मदतीला आले. कामाला चोख. २०२२ मध्ये काही अनोळखी खाती कॉलिनना टोचू लागली: काम हळू चालले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. आपली मानसिक प्रकृती बरी नसते आणि हे काम छंद म्हणून करतो, असे कॉलिननी तेव्हा मोकळेपणाने कळवले होते. अखेर जिया टॅनच्या हाती किल्ल्या आल्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये चाचणीच्या फायलींत दोन नव्या फायली आल्या. आम्ही मास्तर मुलांपुढे मुद्दाम चुकलेले गणित ठेवतो ना, चूक पकडतात का ते बघायला? तशा मुद्दाम बिघडवलेल्या फायली तिथे असतातच. माणसाला त्या वाचता येत नाहीत, म्हणून कुणी उघडून बघत नाही. चोरदिंडीचे दगड तिथेच लपवले होते. ते बाहेर काढून जोडणारी ओळ तर जाहीर मूळ मजकुरात नव्हतीच. ती फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होती.

नेम होता ओपनएसएसएचवर, म्हणजे दूरच्या संगणकात शिरण्याच्या दरवाजावर. त्याला एक्सझेडची गरजच नसते. पण काही लिनक्सवाल्यांनी त्याला आपला एक तुकडा जोडला होता आणि त्या तुकड्यामागून एक्सझेड आत येत होते.

पोस्टग्रेसवर काम करणारे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना आत शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्यांनी तो अर्धा सेकंद सोडला नाही. २९ मार्च २०२४ ला त्यांनी सगळे उघड केले. तोवर तो माल डेबियन आणि फेडोराच्या चाचणीतल्या आवृत्त्यांत पोचला होता. रोजच्या वापरातल्या पक्क्या आवृत्त्या थोडक्यात वाचल्या.

‘विश्वास पानिपतात गेला’ असे आपण सहज म्हणतो. मला ते इथे पटत नाही. कॉलिननी विश्वास टाकला यात त्यांचे काय चुकले? एकटा माणूस जगाचे ओझे वाहत होता. हात पुढे केला तो नेमका फितुराने. आपल्यापैकी कुणी केला असता तर? किल्ले तोफांनी पडतात तसे एकट्या पहारेकऱ्याच्या थकव्यानेही पडतात.

असो. तुमच्यापैकी जे या क्षेत्रात आहेत त्यांनी एकदा बघा, आपले काम कुणाच्या फुकट मेहनतीवर उभे आहे. आणि त्याला दोन ओळी लिहा. तक्रारीच्या नव्हेत, चौकशीच्या.