जुनी पेटी आणि आपले घर

कपाट आज घरोघर दिसते. पण आपल्या पुष्कळ खेड्यांत ते आले अलीकडेच. त्याआधी संसार मावायचा कशात? धान्य कणगीत नाही तर बळदात, भांडी फडताळात, आणि जपून ठेवायचे ते सगळे पेटीत. लग्नातला शालू, दागिने, जमिनीचे कागद, पोराबाळांच्या पत्रिका, सारे तिच्यात. म्हणून घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला जी किल्ली असे, ती पेटीची.

या पेट्याही एका जातीच्या नव्हेत. वेताचा, चामड्याने मढवलेला पेटारा हलका. बैलाच्या पाठीवर लादून तो परगावी नेता येई. सागवानी संदूक जड. ती घरातच राहायची. सागात तेलाचा अंश असतो, म्हणून तिला वाळवी सहसा लागत नाही. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, पुढे कडी-कोयंडा, आत एखादा चोरकप्पा. आपल्या शेजारी काठेवाडात तर मुलीला लग्नात भला थोरला पटारा देत. तो इतका जड, की हलवता यावा म्हणून त्याला खाली चाके बसवीत.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. पुढे रेल्वेचे जाळे पसरले, माणसे पोटासाठी दूर जाऊ लागली आणि पत्र्याची पेटी आली. तिला आपण इंग्रजीतलेच नाव ठेवले, ट्रंक. कोकणातला गडी गिरणीत कामाला मुंबईला गेला, की एका खोलीत कितीतरी जणांबरोबर राही. तिथे त्याचे स्वतःचे म्हणावे असे काय? एक वळकटी आणि एक ट्रंक!

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या घरांतली दफ्तरे शोधीत हिंडले. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला. त्यात पानिपतपर्यंतच्या काळातली पत्रे आहेत. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. कुणीतरी आपल्या घरात ते कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले होते, म्हणूनच हे घडले. ज्या घरांनी कागद बंबात घातले किंवा वाण्याला पुड्या बांधायला दिले, त्यांची हकीकत आता कोण सांगणार?

तेव्हा जुनी पेटी भंगारात देऊ नका. पण घरात मांडण्याआधी ती नीट रिकामी करून पाहा. तळाचा कागद, झाकणाची आतली बाजू, चोरकप्पा, काही सोडू नका. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून तो निकामी ठरत नाही. त्याला चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळत घालू नका; स्वच्छ सुती रुमालात सैल बांधून ठेवा. मग जाणत्याला दाखवा. पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्यास राजवाड्यांच्याच नावाचे संशोधन मंडळ आहे.

मग पेटी खुशाल वापरात आणा. ओल्या भिंतीपासून वीतभर पुढे आणि खाली दोन लाकडी ठोकळे देऊन ठेवा. वर सतरंजी घातली की पाहुण्यांना बसायला झाली उत्तम बैठक! आत जड वस्तू तळाशी, रोजच्या वर. कपड्यांत वेखंडाची किंवा वाळल्या कडुनिंबाच्या पानांची पुरचुंडी. काय कुठे आहे त्याची यादी झाकणाच्या आत अडकवा, म्हणजे दर वेळी सगळे उपसावे लागत नाही. संदुकीच्या नक्षीवर तैलरंग फासू नका. कोरड्या फडक्याने पुसून जवसाच्या तेलाचा हलका हात द्या. ट्रंकेचा गंज मात्र खरवडून रंग लावलाच पाहिजे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मुलांना घरच्या पेटीची माहिती लिहून आणायला सांगा. ती कुणी आणली, कुठून आणली, तिच्यात काय असे, हे आजीला विचारू द्या. ज्या आजीला हे सांगता येते ती आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.