पान्हा आणि वेसण

वसईचा इतिहास म्हटला कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें किल्ला उभा राहतो. १५३४ सालीं गुजराथच्या सुलतानानें पोर्तुगीजांस दिलेली ती भूमि, १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं तिच्यासाठीं केलेला घनघोर संग्राम, तट, बुरूज, सुरुंग, तह, हें सर्व इतक्या वेळां लिहिलें गेलें आहे कीं त्यांत आम्हीं भर घालावी असें कांहीं उरलेलें नाहीं. परंतु त्या किल्ल्यांतील शिपाई पोर्तुगीज असो कीं मराठा, त्याच्या ताटांत केळें, भाजी व दूध ज्या वाड्यांतून येई त्या वाड्यांचा इतिहास कोणत्या दप्तरांत शोधावा? दप्तरांत वाडी सांपडते ती साऱ्याच्या आंकड्यांत, आणि गुरें सांपडतात तीं संख्येंत. रहाटाचा बैल मालकाच्या हाकेस कां चालत असे, किंवा गाय एका हातास पान्हा सोडून दुसऱ्यास कां सोडीत नसे, हें लिहून ठेवण्याचें कोणास कारण पडलें नाहीं. त्या न लिहिलेल्या इतिहासाविषयीं आज थोडें लिहावयाचें आहे.

अर्नाळ्याच्या दक्षिणेस समुद्रकांठीं कळंब हें गांव आहे. पश्चिमेस वाळू व सुरूचीं झाडें. पूर्वेस निर्मळ, व त्यापलीकडे सोपारें, म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि पुढें १९५६ सालीं कळंबच्या जवळच्याच भुईगांवीं नवव्या लेखाचा तुकडा हातीं आला. या नवव्या लेखांत तो राजा म्हणतो कीं, आजारपणांत, लग्नकार्यांत, प्रवासास निघतांना लोक नाना प्रकारचे मंगलविधि करितात, पण त्यांचें फळ अल्प असतें. खरा मंगलविधि म्हणजे दासांशीं व चाकरांशीं नीट वागणें, गुरुजनांचा मान राखणें आणि प्राण्यांविषयीं संयम बाळगणें. चाकर, गुरु आणि प्राणी यांस एका पंगतीस बसविणारा हा लेख वाड्यांच्या या पट्टींतच सांपडावा, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. आश्विन वद्य द्वादशीस, वसुबारसेच्या दिवशीं, गाईवासरांची पूजा होते. त्याच दिवशीं डोंगराकडील आदिवासी पाड्यांवर वाघबारस करून वाघाची आळवणी करितात. दोन्ही चाली आम्हांस प्रिय आहेत. तरी वर्षांतून एक दिवस ओवाळणें सोपें, आणि उरलेले दिवस हात आवरणें कठीण, हें ज्यानें गोठा सांभाळला आहे त्यास सांगावयास नको.

वाडीची सर्व मदार पाण्यावर. पाऊस सरला कीं केळीस, पानवेलीस, भाजीच्या वाफ्यांस पाणी द्यावयाचें, आणि तें रहाटानें काढावयाचें. विहिरीच्या तोंडावर चाक, त्यावर गाडग्यांची माळ, आणि एका आडव्या दांड्यास जुंपलेला एकच बैल किंवा रेडा. तो गोल फिरला कीं गाडगीं भरून वर येत व पन्हळींत रितीं होत. घाटावरील मोटेशीं याची तुलना करून पाहावी. मोटेवर माणूस सदैव बैलांपाशीं असतो. त्यांस उतारावर हांकणें व पुन्हां मागें सारणें यांतच त्याचा दिवस जातो, व म्हणून तो गाणींही म्हणतो. रहाटाचें तसें नाहीं. घरांत माणसें थोडीं. जनावर चालूं लागलें कीं मालकास दारें धरावयास केळींत जावें लागे. जनावराच्या डोळ्यांस झांपड, मालक दृष्टीआड, आणि मध्यें काय तो आवाजाचा धागा. रहाटाची कुरकुर थांबली कीं मालकानें केळींतूनच हाक द्यावी व जनावरानें पुन्हां पाऊल उचलावें. मारास भिऊन चालणारें जनावर मारणारा हात दूर गेला कीं उभें राहतें. त्यास रहाटावर ठेवणें म्हणजे त्याच्यामागें एक माणूस बांधून ठेवणें, आणि तो माणूस लहान वाडीस परवडत नसे. सर्वच वाड्यांत गुण्यागोविंदानें चाले असें आमचें म्हणणें नाहीं. पराणीचे वण पाठीवर वागविणारे रेडेही आम्हीं पाहिले आहेत. पण त्यांच्या मालकांच्या केळीही आम्हीं पाहिल्या आहेत.

राज्यकर्त्यांपैकीं कांहींनीं जनावराची किंमत ओळखिली होती. ५ सप्टेंबर १६७६ च्या पत्रांत शिवाजी महाराज प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस आज्ञा करितात कीं, गांवोगांव फिरावें, कुणबी गोळा करावे, ज्यास माणूसबळ आहे पण बैल नाहींत त्यास दोनचार बैलांचे पैसे रोख द्यावे, पोटास दाणे द्यावे, आणि वाढ न घेतां मुद्दलच हळूहळू उगवून घ्यावें. यांतील शहाणपणाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व तें योग्यच आहे. आमच्या मनांत मात्र त्या पत्राच्या पुढची गोष्ट येते. सरकारच्या पैशानें घेतलेला बैल परक्या गोठ्यांत आला, त्याच्या नाकांतील वेसण नव्या मालकाच्या हातीं आली. पण नव्या आवाजास तो कितव्या दिवशीं वळला असेल? तो भाग सुभेदाराच्या हातचा नव्हता. तो कुणब्यानें व त्याच्या बायकोनें अंधाऱ्या गोठ्यांत, मूठभर कोंडा पुढें करून, आपल्या परीनें पार पाडिला असला पाहिजे.

हें आम्हीं कल्पनेनें लिहीत नाहीं. आमची मावशी कळंबास दिली होती. तिच्या सासूबाईंस सारें घर ‘बय’ म्हणे, म्हणून आम्हीही बयच म्हणत असूं. गोठ्यांत चांदी नांवाची एक लहानशी तांबडी गाय होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. आम्ही नऊदहा वर्षांचे असतांना एका दुपारीं तिनें केळीच्या नव्या पोरक्यांत तोंड घातलें, आणि आम्हीं शौर्य करून काठीनें तिच्या नाकाडावर दोनतीन तडाखे दिले. त्या संध्याकाळीं आम्ही गोठ्याच्या दाराशीं उभे असतांना तिनें पान्हा चोरला. वासरू सोडलें, कांस चोळली, कोंडा ठेविला. तांब्याचा तळही झांकला नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही घराबाहेर होतों, तेव्हां मात्र दूध पूर्ववत् आलें.

मावशीचे यजमान म्हणाले, ‘‘हिला वेसण घालावी, म्हणजे वठणीवर येईल.’’ बय म्हणाली, ‘‘वेसणीनं मान वळेल. पान्हा कसा ओढशील?’’ मग आमच्याकडे वळून म्हणाली, ‘‘ती रागावली नाहीं रे, भ्याली आहे तुला.’’

शिक्षा म्हणून आम्हांस रोज सकाळीं त्याच वेळीं गोठ्यांत बसावयाचें होतें. कांहीं करावयाचें नाहीं. गाईकडे टक लावून पाहावयाचें नाहीं. मांडीवर सूप घेऊन वाल सोलावयाचे. पहिले चार दिवस ती दाव्याच्या टोंकाशीं जाऊन उभी राही. पुढें टरफलांच्या वासानें मान लांब करूं लागली. मग बयनें तळहातावर खडेमीठ दिलें. हात पुढें करून बसावें, पण तिच्याकडे नेऊं नये, असा हुकूम. ज्या दिवशीं तिची खरबरीत जीभ हातास लागली त्या दिवशीं आम्ही कसले हललों असूं कोण जाणे, ती दचकून मागें सरली आणि दोन दिवस वायां गेले. शेवटीं गळ्याखालची पोळी खाजवूं दिली. तीन आठवडे लागले. तडाखे देण्यास एक निमिष पुरलें होतें.

बयला ठाऊक होतें तें अमेरिकेंत १९४१ सालीं एली व पीटरसन या दोन संशोधकांनीं प्रयोगानें दाखविलें. त्यांनीं दुभत्या गाईंच्या पाठीवर मांजर ठेविलें, कागदी पिशव्या फोडून आवाज केले, आणि भ्यालेली गाय दूध सोडीत नाहीं हें सिद्ध केलें. मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून एक द्रव्य रक्तांत येतें व त्यानें पान्हा सुटतो. भीतीच्या वेळीं निघणारें दुसरें द्रव्य त्याच्या आड येतें. म्हणजे गाय पान्हा चोरते हा आपल्या भाषेनें तिच्यावर घेतलेला आळ आहे. चोरी करणें तिच्या हातीं नसतें. २००९ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसलच्या विद्यापीठानें ५१६ गवळ्यांकडे चौकशी केली, तेव्हां गाईंस नांवानें हाक मारणाऱ्यांच्या गाई वर्षास २५८ लिटर दूध अधिक देतात असें आढळलें. नांवांत कांहीं जादू असेल असें आम्हांस वाटत नाहीं. जो नांव ठेवितो तो जवळही जातो, इतकेंच.

याच गोष्टीची दुसरी बाजू मुंबई, कलकत्ता अशा शहरांच्या तबेल्यांत होती. तेथें नांवास व वाल सोलण्यास वेळ नव्हता. गाईम्हशींच्या जननेंद्रियांत हवा फुंकून बळानें दूध उतरविण्याचा ‘फुंका’ नांवाचा जो किळसवाणा प्रकार चाले, त्याच्या वर्णनांनीं गांधीजींचें मन इतकें विटलें कीं १९१२ सालीं त्यांनीं दूधच सोडिलें. १९३८ च्या दुरुस्तीनें त्याविरुद्ध कायदा कडक झाला. १९६० च्या कायद्यानेंही तो गुन्हा मानिला. पुढें पान्ह्याचेंच तें द्रव्य सुईनें टोंचण्याची युक्ति निघाली, व फुंकणाऱ्याचा श्रमही वांचला. १९५१ सालीं आरे येथील वसाहतीचें उद्घाटन झालें व शहरांतील हजारों म्हशींस स्वच्छ गोठे मिळाले, ही मोठीच सुधारणा होती. पण हजार जनावरांजवळ कोणी बसावें, हा प्रश्न तेथेंही उरलाच.

कळंबास विजेचे पंप आले आणि रहाट विहिरींवरून उतरले. बयच्या वाडींतील रेडा आधीं गेला. चांदी पुढें दोन वर्षें राहिली. मग बयच्या गुडघ्यांनीं जबाब दिला, घरांत दुसऱ्या कोणास धारेस बसवेना, आणि विरारच्या बाजूचा एक शेतकरी तिला घ्यावयास आला. पैसे मोजून झाले. त्यानें दावें हातीं घेतलें तशी बय आंत गेली व आपल्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा घेऊन आली. ‘‘पहिले आठ दिवस धार काढतांना हें खांद्यावर ठेव,’’ ती त्यास म्हणाली. ‘‘नांव चांदी. पोळीच्या डाव्या बाजूस खाजव, उजवीकडे तिला आवडत नाहीं.’’ त्यानें तो तुकडा नीट घडी करून खिशांत ठेविला, आणि गाईपुढें न चालतां तिच्या बरोबरीनें चालूं लागला. बय ओट्यावर उभी राहून तें पाहत होती.