आयर्लंडचें मतांतर

मत बदलणें हें राजकारणांत दुबळेपणाचें लक्षण मानण्याचा प्रघात आहे. आयर्लंडांत एक अख्खें राष्ट्रच आपल्या मतापासून फिरलें. ७ सप्टेंबर १९८३ रोजीं तेथील मतदारांनीं राज्यघटनेंत आठवी दुरुस्ती घातली. अजात अर्भकाचा जीविताचा हक्क मातेच्या हक्काशीं समान होय, असें तिचें तात्पर्य. शेंकडा सुमारें ६७ मतें तिच्या बाजूनें पडलीं. २५ मे २०१८ रोजीं त्याच देशानें ती काढून टाकली, आणि या खेपेस काढून टाकण्याच्या बाजूस शेंकडा ६६ हून अधिक मतें होतीं!

पिढी पालटली, असें म्हणून कोणी मोकळा होईल. त्यांत तथ्य आहेच. ६५ वर्षांपुढील मतदारांचा कल २०१८ सालींही दुरुस्ती राखण्याकडेच होता. परंतु १९८३ सालीं अठरा वर्षांचा असलेला मतदार २०१८ सालीं ५३ वर्षांचा झाला होता, आणि त्या वयाच्या लोकांतही बहुमत बदलाच्याच बाजूस होतें. तेव्हां स्वतःचेंच मत सोडणारे लोक थोडे नसावेत. फीना फॉल पक्षाचे पुढारी मिहॉल मार्टिन हे त्यांपैकींच. पक्षाच्या अधिवेशनानें उलट ठराव करून तीन महिने झाले होते; तरी १८ जानेवारी २०१८ रोजीं संसदेंत उभे राहून, दीर्घ विचारांतीं आपलें मत पालटलें आहे, असें त्यांनीं सांगितलें. स्वपक्षांतील अनेकांस तें रुचलें नाहीं.

ही उलथापालथ केवळ वादविवादानें झाली नाहीं. १९९२ सालीं बलात्कारामुळें गरोदर राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीस गर्भपातासाठीं इंग्लंडला जाण्यास उच्च न्यायालयानें मनाई केली. ती आत्महत्या करील हा धोका ओळखून सर्वोच्च न्यायालयानें मनाई उठविली. परंतु कलमाआड उभी असलेली पोर देशास तोंवर दिसली होती. त्याच वर्षीं मतदारांनीं परदेशीं जाण्याच्या मोकळिकीस संमति दिली. पाप समुद्रापलीकडे घडलें तर चालेल, असाच जणूं तो तोडगा होता, आणि तो पुढें पंचवीस वर्षें टिकला.

ऑक्टोबर २०१२ मध्यें गॅल्वे येथील रुग्णालयांत सविता हलप्पनवार दाखल झाल्या. वय ३१, व्यवसाय दंतवैद्याचा, माहेर बेळगांवचें. गर्भ सतरा आठवड्यांचा होता व तो वांचणार नव्हता. सविताबाईंनीं गर्भपाताची मागणी केली. गर्भाचें हृदय चालत असल्यामुळें ती मान्य झाली नाहीं. हा कॅथॉलिक देश आहे, असें त्यांस सांगण्यांत आलें. सांगणाऱ्या परिचारिकेनें पुढें चौकशींत तें कबूल केलें, आणि त्यांत दुष्ट हेतु नव्हता, असेंही म्हटलें. हेतु खरोखरच नसेल. संसर्ग रक्तांत भिनून २८ ऑक्टोबरला सविताबाईंचा अंत झाला.

पुढें यदृच्छया निवडलेल्या ९९ नागरिकांची एक सभा सरकारनें नेमली. न्यायमूर्ति मेरी लॅफॉय यांच्या अध्यक्षतेखालीं त्यांनीं वैद्यांचें, वकिलांचें व दोन्हीं पक्षांचें म्हणणें ऐकून घेतलें. एप्रिल १९१७ नव्हे, २०१७ मधील ही गोष्ट; तरीही त्यांपैकीं ६४ टक्क्यांनीं कारण न विचारतां गर्भपाताची मुभा असावी असा कौल दिला, तेव्हां पुढारी चकित झाले.

मतदानापूर्वीं सविताबाईंच्या वडिलांनीं बेळगांवाहून आयरिश मतदारांस दुरुस्ती रद्द करण्याचें आवाहन केलें. डब्लिनमधील एका भिंतीवर त्यांचें मोठें चित्र रंगविलें गेलें होतें. निकालानंतर लोक तेथें येऊन चिठ्ठ्या चिकटवूं लागले. पुष्कळ चिठ्ठ्यांत, उशीर झाल्याबद्दल, क्षमा मागितली होती.