टीबीची औषधं सुरू आहेत आणि दाढ ठणकतेय? दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा

फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. दात कोरायचं मशीन फिरलं की तोंडातले बारीक तुषार खोलीभर उडतात. म्हणून संसर्गाचा धोका असेपर्यंत दात साफ करणं, कवळी बसवणं अशी कामं पुढे ढकलतात. औषधं लागू पडली की काही आठवड्यांत हा धोका बराच कमी होतो. पण ते टीबीच्या डॉक्टरांनी ठरवायचं. नुसता गाठीचा टीबी असेल तर तो सहसा असा पसरत नाही.

गालावर सूज, ताप, तोंड उघडेना, गिळताना त्रास, असं असेल तर मात्र थांबू नये. आधी फोन करून टीबी असल्याचं सांगावं, मास्क लावून जावं. डॉक्टर एन-९५ मास्क घालून, वेगळ्या हवेशीर खोलीत उपचार करू शकतात. हात लावणार नाहीत या भीतीनं लोक आजार लपवतात, तिथंच घोटाळा होतो.

टीबीच्या काही गोळ्यांचा लिव्हरवर ताण येतो. त्यामुळे मेडिकलमधून दुखायची गोळी मनानं घेऊ नये, औषधांचं कार्ड डॉक्टरांना दाखवावं. दाढेपायी टीबीची गोळी एक दिवसही चुकवू नये. टीबी हेल्पलाइन : १८००-११-६६६६ (मोफत).